बिनवावराची खोली

बरोबर तीन वाजता भिंतीतला पंखा आपोआप सुरू झाला, आणि दारात उभ्या असलेल्या मीटरबाई दचकल्या.

बाटलीकाकांना उचलून नेऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. रसायनभांडाराच्या फरशीवर त्यांची एक चप्पल उलटी पडली होती. टेबलावर नोंदवही उघडी होती आणि तिच्यातली शेवटची ओळ अर्ध्यावर थांबून खाली घसरत गेली होती. खोलीभर एक गोडसर, डोक्यात शिरणारा वास भरला होता. दोघा शिपायांनी नाकाला रुमाल लावून त्यांना बाहेर ओढलं, तेव्हा काकांचे ओठ निळे पडले होते. पडताना टेबलाचा कोपरा लागून कपाळाला खोक पडली होती. गाडी आली, त्यांना घेऊन गेली, जमलेली मुलं पांगली. मीटरबाई तेवढ्या मागे राहिल्या.

पंखा घरघरत होता. खोलीतली जड हवा तो ओढून बाहेर फेकत होता. आता तो पंधरा मिनिटं चालणार, सव्वातीनला बंद पडणार आणि चारला पुन्हा सुरू होणार. हे मीटरबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्या वेळा त्यांनीच ठरवून दिल्या होत्या.

त्यांनी बाहेरच्या भिंतीवरच्या टायमरचं झाकण उघडलं आणि पंखा कायमचा चालू करून ठेवला. मग त्या मार्गिकेच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मार्गिका लांबलचक, स्वच्छ आणि मोकळी होती. एक स्टूलसुद्धा कुठे आडवं येत नव्हतं. तीही त्यांचीच करणी होती.

मीटरबाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी नवरा अचानक गेला, पदरात काही नव्हतं, म्हणून त्या कॉलेजच्या देखभाल विभागात टंकलेखिका म्हणून लागल्या. काम म्हणजे एकोणीस वीजमीटरांचे आकडे दर महिन्याला एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवायचे. दुसरी कोणी असती तर उतरवत बसली असती. यांनी विचारलं की सभागृहाला कुलूप असतानाही त्याचा मीटर का पळतो? कोणाला सांगता येईना. तेव्हा या स्वतःच एका दुपारी पदर खोचून सभागृहाच्या गच्चीवर चढल्या. फुटक्या नळीतून पाणी पुन्हा टाकीतच ओतणारी एक मोटर त्यांना तिथे सापडली. ती बिचारी कित्येक वर्षं नुसतीच राबत होती. त्या दिवशी नाव पडलं, मीटरबाई. आता त्या चौपन्न वर्षांच्या होत्या, विभागाच्या प्रमुख होत्या. अकरा इमारती, दोन वसतिगृहं, तीनशेवर नळ, छपरं, गटारं, दिवे, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या मार्गिकेतून येताना दिसल्या की प्राध्यापक मंडळी रिकाम्या वर्गातले पंखे पटापट बंद करत आणि वर साळसूद चेहऱ्याने नमस्कार करत.

बाटलीकाकांचं नावही असंच पडलेलं. ते रसायनभांडाराचे भांडारपाल, दिवसभर बाटल्यांचा हिशेब. नव्या लोकांचा त्या नावाने भलताच गैरसमज व्हायचा. मग कोणीतरी सांगायचं की या माणसाने आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलेलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. बोलणं कमी, चालणं हळू, आणि नियम म्हणजे नियम.

हे सगळं सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. संस्थेचं अनुदान कमी झालं आणि रजिस्ट्रारांनी मीटरबाईंना बोलावून सरळ सांगितलं की पुढच्या सत्रापासून सफाईच्या सहा बायका कमी कराव्या लागतील. त्यांनी विचारलं, दुसरा काही मार्ग? रजिस्ट्रार म्हणाले, विजेचा खर्च चौथाईने खाली आणून दाखवा, मग बघू. रजिस्ट्रारांनी ते सहज म्हटलं होतं, होणार नाही हे गृहीत धरूनच. पण मीटरबाईंनी ते मनावर घेतलं. दोन महिने त्या वही घेऊन प्रत्येक मजला पायाखाली घालत होत्या. आधी दिवे बदलले, मग पाण्याच्या मोटरांच्या वेळा बदलल्या, आणि शेवटी इमारतींचे नकाशे समोर घेऊन खोल्यांच्या दोन याद्या केल्या. एक वावराच्या खोल्यांची, एक बिनवावराच्या. जिथे माणूस बसत नाही तिथला दिवा-पंखा दिवसभर कशाला? कोठारं, जिने, सामानाच्या खोल्या, सगळं टायमरवर गेलं. तासातून पंधरा मिनिटं. विभागाचा वायरमन हसून म्हणाला होता, "बरोबर आहे बाई, बरण्यांना कशाला वारा?"

खर्च चौथाईपेक्षाही जास्त खाली आला. सहाही बायका राहिल्या. त्यांची मुकादमबाई, अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड, मीटरबाईंच्या ऑफिसात आली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन उभी राहिली. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्याकडे येऊन बसू लागली. सुनेच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, सगळं मीटरबाईंच्या कानावर घालू लागली. कॉलेजने वीजबचतीसाठी हरित परिसराच्या मानांकनाचा अर्ज केला. ते मिळालं की मोठा निधी येणार होता. पाहणी करणारी समिती येत्या आठवड्यात यायची होती.

आता मार्गिकेत उभ्या राहून मीटरबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात उलटीपालटी करत होत्या. त्या याद्या केल्या तेव्हा नकाशावर रसायनभांडार बिनवावराचं होतं, आणि कित्येक वर्षं ते खरंच तसं होतं. बावीस वर्षं काकांचं टेबल बाहेर, या मार्गिकेत, दाराला लागून असायचं. मग टेबल आत कधी गेलं?

उत्तर त्यांना ठाऊक होतं. याद्यांच्या सहा आठवडे आधी आगीच्या सुरक्षेची तपासणी झाली होती. मार्गिका मोकळ्या हव्यात, असा शेरा आला होता. मीटरबाईंनी आदेश काढला, "मार्गिकेतील सर्व सामान आठ दिवसांत हलवावे." कपाटं गेली, फळे गेले, मोडक्या खुर्च्या गेल्या. एक टेबलही गेलं. कुठे न्यायचं ते आदेशात नव्हतं. काकांनी कोणाला विचारलं नाही, विचारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. टेबल स्वतः ओढत त्यांनी भांडारात नेलं, दार आतून लोटून घेतलं, कारण रसायनांचं दार बंद ठेवायचं हाही नियम होता, आणि ते कामाला लागले. दोन्ही कागदांवर सही एकच होती. ते दोन कागद एका वेळी एका टेबलावर मात्र कधी आले नव्हते.

संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. काकांना आत ठेवलं होतं, भेटू देत नव्हते. एका मोठ्या बाटलीचं बूच तडकलं होतं, त्याची वाफ खोलीत साचत गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, गेलं वर्ष-दीड वर्ष यांचं डोकं दुखायचं का? हात थरथरायचे का? हे एका दिवसाचं दिसत नाही.

काकांची बायको बाकावर बसली होती, मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी. मीटरबाईंना बघून ती उठू लागली, तशा त्याच तिच्या शेजारी बसल्या. आपण कोण, हे त्यांनी सांगितलं.

"माहीत आहे ना," ती म्हणाली. "घरी तुमचं नाव असतं. पंखा बंद पडतो म्हणाले होते मागे. मी म्हटलं, भांडा जरा. तर म्हणाले, मीटरबाईंनी केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल."

शेवटची बस गाठायची वेळ होईपर्यंत मीटरबाई तिथेच बसून राहिल्या. काकांच्या बायकोला वाटलं, किती जीव लावतात माणसं.

बस येईपर्यंत आणि बसमध्येही त्यांना तक्रारींचं रजिस्टर दिसत होतं. काका तीनदा आले होते. पहिल्यांदा म्हणाले, दुपारनंतर डोकं जड होतं. यांनी हसत सांगितलं, काका, चष्म्याचा नंबर बघून घ्या. दुसऱ्यांदा त्यांनी लेखी दिलं, पंखा मध्येच बंद पडतो म्हणून. वायरमन जाऊन बघून आला, टायमर चोख चालत होता. यांनी शेरा लिहिला, "तपासले. पंखा व्यवस्थित. तक्रार निकाली." आणि तिसऱ्यांदा ते नुसते दारात उभे राहिले होते. तेव्हा या मानांकनवाल्यांशी फोनवर बोलत होत्या. यांनी हाताने खूण केली, थांबा. काका थोडं थांबले, मग राहू द्या असं हातानेच सांगून निघून गेले. नंतर बोलावून घ्यावं असं यांच्या मनात आलं होतं. मनात आलं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रजिस्ट्रारांचं बोलावणं आलं. ते माणूस वाईट नव्हते. कॉलेज बंद पडू नये म्हणून बारा वर्षं ते ठिगळं लावत आले होते. त्यांनी आधी काकांची चौकशी केली, खुर्ची पुढे सरकवली, आणि मग मुद्द्यावर आले. अपघाताचा अहवाल मीटरबाईंना लिहायचा होता. काका नेमून दिलेल्या जागी काम करत असताना हे घडलं असेल, तर दवाखान्याचा खर्च आणि भरपाई कॉलेजवर येणार. त्यासाठीचा अर्ज अहवालासह पंधरा दिवसांत जायला हवा होता. आणि ते स्वतःच्या मर्जीने, मनाई असलेल्या जागी बसले असतील, तर मग गोष्ट वेगळी.

"काय लिहायचं ते मी तुम्हाला सांगत नाही, बाई," ते म्हणाले. "जेवढं लेखी आहे तेवढंच लिहा. टेबल आत न्या, असं तुम्ही कुठे लिहिलं होतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

त्यांनी पुढेही बरंच सांगितलं. समिती आठवड्यावर आली आहे. मानांकन गेलं तर निधी गेला. निधी गेला की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, हे बाईंना माहीत आहेच. काकांच्या बायकोला सगळे मिळून वर्गणी काढून देऊ, स्वतः रजिस्ट्रार महिन्याचा पगार घालतील. ते खरंच घालतील, याबद्दल मीटरबाईंना शंका नव्हती.

घरी त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. नवरा गेल्यावर नणंद चार दिवसांसाठी सोबतीला आली आणि मग राहूनच गेली. पुढच्या खोलीत ती शिवणकाम करायची. दिवेलागणीला मीटरबाईंनी तिला सगळं सांगितलं. एरवी बोलताना मशीन न थांबवणाऱ्या तिने आज मशीन थांबवलं.

तिचं म्हणणं सरळ होतं. चार वर्षं राहिली आहेत नोकरीची. हे घर भाड्याचं. साहेब सांगतात त्यात खोटं असं काहीच नाही, टेबल आत न्या असं वहिनीने खरंच लिहिलेलं नाही. बिचाऱ्याला पैशाची मदत होतेच आहे. मग स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?

"आणि तू काही त्यांना मारायला गेली नव्हतीस, वहिनी," ती शेवटी म्हणाली.

"नाही," मीटरबाई म्हणाल्या. "मी त्यांच्याकडे बघायलाच गेले नव्हते."

नणंदेने मशीन पुन्हा सुरू केलं, पण दोरा सारखा तुटत होता.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुकादमबाई आली. आज ती खुर्चीवर बसली नाही. रजिस्ट्रारांच्या खोलीबाहेर बाक पुसता पुसता तिच्या कानावर सगळं पडलं होतं. कॉलेजात भिंतींना कान नसतील, पण केरसुणीला असतात, असं ती स्वतःच म्हणायची. तिने आधी काकांबद्दल विचारलं. शुद्धीवर आले, पण हात थरथरतो आणि कशाचा म्हणून वास येत नाही, असं मीटरबाईंनी सांगितलं. ती हळहळली. मग दार लोटून घेतलं.

"ताई, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही," ती म्हणाली. "खरंच लिहा. पण पाहुणे येऊन जाऊ देत, मग लिहा. पुढच्या महिन्यात लिहा."

मीटरबाईंनी तिला पंधरा दिवसांची मुदत समजावून सांगितली. मुकादमबाईने बोटं मोजली, समितीची तारीख मोजली, पुन्हा मोजली. समिती दोन दिवस पाहणी करणार आणि निर्णय महिन्याने कळवणार होती. तोवर अहवाल त्यांच्यापासून लपत नव्हता. हिशेब कुठूनही जुळत नव्हता.

"सहा घरं आहेत ती," ती हळू म्हणाली. "माझी जाऊ आहे त्यात. तिचा नवरा काही करत नाही, तुम्हाला माहीत आहे. काका तर वाचले ना? वाचले की नाही?"

"वाचले."

"मग?"

दोन वर्षांपूर्वी त्या सहा जणींसाठीच मीटरबाईंनी हे सगळं आरंभलं होतं. तेव्हा वाटलं होतं की वाचवलेली वीज कोणाच्याच खिशातून जात नाही, ती नुसती वाया जायची थांबते. आता दिसत होतं की तिच्यातला थोडा भाग एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या छातीतून आला होता, रोज थोडा, आणि त्याबद्दल त्याने काही मागितलंही नव्हतं. एकीकडे सहा घरं होती, दुसरीकडे एक. असं मांडलं की उत्तर सोपं वाटायचं. पण ते एक घर त्या बाकावर पिशवी घेऊन बसलं होतं आणि म्हणत होतं, मीटरबाईंनी काहीतरी विचार करूनच केलं असेल.

मुकादमबाई उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभी राहिली. मग दार उघडून गेली.

त्या दुपारी मीटरबाईंनी अहवाल लिहिला. एक पान झालं. त्यांनी लिहिलं की मार्गिका मोकळी करण्याचा आदेश मी काढला, त्यामुळे भांडारपालांना टेबल हलवावं लागलं. पर्यायी जागा मी दिली नाही. त्यानंतर खोलीत माणूस बसतो की नाही हे न बघता, केवळ नकाशावरून, मी ती बिनवावराची ठरवली आणि पंखा टायमरवर टाकला. भांडारपालांनी त्याबद्दल लेखी तक्रार केली होती, ती मी नीट चौकशी न करता निकाली काढली. तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. घटना घडली तेव्हा ते त्यांच्या कामाच्या जागी, काम करत होते.

रजिस्ट्रारांनी तो सावकाश वाचला, एकदा, मग पुन्हा. चिडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, यात 'मी' फार वेळा आलंय," ते म्हणाले. "आपल्याकडे आढळून आले, करण्यात आले, असं लिहितात. अर्थ तोच राहील आणि तुम्हीही वाचाल."

"करण्यात आलं नाही, साहेब," मीटरबाई म्हणाल्या. "मी केलं."

मीटरबाईंनी तो कागद आवक नोंदवहीत चढवायला लावला. आवक क्रमांक घेतला, आपल्या प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि ती प्रत त्याच संध्याकाळी काकांच्या बायकोला नेऊन दिली. कुठे अर्ज करायचा, कोणाची सही घ्यायची, हे तिला दोनदा समजावलं. ती माऊली कागद उलटा धरून त्यांचे आभार मानत होती. तेव्हा मीटरबाईंनी तो तिच्या हातात सरळ केला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. मग तिने विचारलं, बाई, चहा घ्याल का? आणि दवाखान्याच्या उपाहारगृहातून दोन कप घेऊन आली. दोघींनी चहा घेतला. पुन्हा मात्र तिने मीटरबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

समिती आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी वीजबचतीचे आकडे बघून कौतुक केलं आणि हे कसं साधलं ते विचारलं. मीटरबाईंनी दिवे सांगितले, मोटरा सांगितल्या, खोल्यांच्या याद्या सांगितल्या, आणि मग रसायनभांडाराचंही सांगितलं. रजिस्ट्रार खिडकीबाहेर बघत होते. त्या बाईंनी वही मिटली नाही, उलट बरंच काही लिहून घेतलं. महिन्याने पत्र आलं. मानांकन वर्षभर पुढे ढकललं होतं. हवा खेळती ठेवण्याच्या व्यवस्थेची सर्व इमारतींत फेरतपासणी करावी, असं त्यात म्हटलं होतं.

पुढचं सगळं कोणीही न रागावता, रीतसर होत गेलं. काकांचा भरपाईचा अर्ज मंजूर झाला. निधी आला नाही. सहापैकी तीन बायका कमी झाल्या, ज्यांची नोकरी सगळ्यात थोडी त्या, म्हणजे मुकादमबाईची जाऊ त्यात आलीच. सगळ्या भांडारांचे पंखे दिवसभर चालू लागले आणि विजेचा आकडा पुन्हा वर चढला. मीटरबाईंना प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल संस्थेला आदर आहे, पण विभागाची जबाबदारी आता दुसऱ्याकडे द्यावी लागेल. पगार तोच राहील. त्यांना मुख्य इमारतीत, प्रवेशद्वाराजवळ, चौकशीच्या खिडकीवर बसवण्यात आलं.

काका तीन आठवड्यांनी घरी आले. मीटरबाई भेटायला गेल्या, तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते, उजवा हात डाव्या हाताने धरून. तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, ठीक आहे, फक्त गॅसवर दूध करपलं तरी कळत नाही, शेजारीण ओरडते तेव्हा कळतं. आणि स्वतःशीच थोडं हसले. नव्या भांडारपालाने बाटल्या नीट लावल्या आहेत का, आम्लं खालच्याच फळीवर आहेत ना, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. मीटरबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. निघताना, चप्पल पायात सरकवत असताना, त्यांनी विचारलंच.

"काका, तुम्ही तिसऱ्यांदा आला होता, दारात उभे राहिला होता. तेव्हा काय सांगायचं होतं?"

काका विचारात पडले. हात जरा जास्तच थरथरू लागला, तसा त्यांनी तो घट्ट धरला.

"आठवत नाही, बाई," ते म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं की आठवत असूनही ते सांगत नव्हते, हे मीटरबाईंना कळलं नाही. पुन्हा विचारायचं त्यांचं धाडस झालं नाही.

चौकशीच्या खिडकीवर काम फारसं नव्हतं. मुलं येत, अर्ज कुठे मिळेल, शुल्क कुठे भरायचं, जिना कुठला, असं विचारत. मीटरबाई सांगत. कुठल्या इमारतीत कुठे काय आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? कधी कधी नुसतं बोट दाखवून न थांबता त्या खुर्चीवरून उठून मुलाबरोबर वळणापर्यंत जाऊन येत. डोक्यावर, छताच्या कडेला, हवेची एक जाळीदार झडप होती. सुरुवातीचे काही दिवस त्या मान वर करून तिच्या दिशेने हात उंचावून बघत, हवा येते की नाही. मग ती सवय सुटली.

मुख्य इमारतीची फरशी आता मुकादमबाईच्या वाट्याला आली होती, कारण तीन जणींचं काम उरलेल्यांत वाटलं गेलं होतं. ती दहाच्या सुमाराला यायची. गुडघा जास्त दुखत असावा, वाकताना एका हाताने भिंत धरायची. पहिल्या दिवशी मीटरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, काही बोलावं म्हणून. मुकादमबाईने बादली खाली ठेवली, फडकं पिळलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पाय वर."

आता रोज तेवढंच. दहा वाजतात, बादलीचा आवाज येतो, ओलं फडकं खिडकीच्या आत, खुर्चीखाली येतं. मीटरबाई दोन्ही पाय उचलतात. फडकं खुर्चीच्या चारी पायांभोवती फिरतं, कोपऱ्यात जातं, एक जागा सोडत नाही. मुकादमबाई बादली उचलून पुढच्या दाराकडे जाते. मीटरबाईंची मांडी दुखू लागते, समोर कोणी मुलगा काही विचारत असतो, त्या त्याला उत्तर देत राहतात. पण फरशी पुरती वाळेपर्यंत त्या पाय खाली टेकवत नाहीत.